टेलच्या दाराचा आकडा

आमच्या तलावाचा पाट शेलूबाजारकडच्या हायवेच्या बाजूने निघतो, गावाला अर्धा वळसा घालतो आणि नाल्यापाशी संपतो. निघतो त्या टोकाला हेड म्हणतात, संपतो त्या टोकाला टेल. हे दोन इंग्रजी शब्द आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही येतात, कारण कोणाचं वावर कोणत्या टोकाला आहे यावर त्याचा गहू ठरतो. हेडला रविकांतभाऊंची आणि त्यांच्या भावकीची शेतं आहेत. टेलला बौद्धपुऱ्यातल्या लोकांची. असं का, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलंच तर जमिनीचा उतार तसा आहे असं उत्तर मिळतं, आणि उतार तसा आहे हे खरंच आहे.

नियम मात्र टेलच्या बाजूचा आहे. पाटाला शेताशेतापाशी खालीवर सरकणारी लोखंडी दारं आहेत; पाणी सुटलं की आधी सगळ्यात खालच्या दारातून द्यायचं, त्याचं भिजून झालं की त्याच्या वरच्याला, आणि हेडला सगळ्यात शेवटी. तोवर वरची दारं बंद ठेवायची. पाणी वापर संस्थेच्या खोलीत हा नियम भिंतीवर रंगवलेला आहे. रंग चांगल्या प्रतीचा असावा, इतक्या वर्षांत उडाला नाही.

नियम पाळतात की नाही हे पाहायला पूर्वी कालवा निरीक्षक यायचे. मोटारसायकल हेडला उभी करायची आणि पाटाच्या काठाने पायी खाली चालत जायचं, अशी त्यांची पद्धत. ते जवळ आले की दार पडायचं, पुढे गेले की दार उठायचं. वरच्याने खालच्याला हाक द्यायची, एवढंच काय ते काम. याला चोरी म्हणतात असं हेडच्या कोणाच्या मनातही आलं नसेल. साहेब आल्यावर आपण बिडी विझवतो, तसं दार पाडायचं. पुढे निरीक्षक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि काही वर्षांनी त्यांच्या जागी खोकी आली.

खोकी बसवणारा प्रसेनजित आमच्याच गावचा, पंचफुलाबाईचा मुलगा. नवरा गेल्यावर पंचफुलाबाईने टेलचं वावर एकटीने करून त्याला शिकवलं. तो पुण्याच्या एका कंपनीत लागला, आणि कंपनीला आमच्या भागातल्या पाटांचं काम मिळालं तेव्हा इकडची भाषा येते म्हणून त्यालाच पाठवलं. वाशीमला खोली घेऊन तो राहायचा. पाटाच्या प्रत्येक दाराशी त्याने खांब रोवला, खांबावर खोकं, खोक्याखाली खाली पाहणारा सेन्सर. दारातून पाणी किती उंचीने वाहतंय हे सेन्सर मोजणार आणि आकडा सिमकार्डावरून वाशीमच्या पाटबंधारे कार्यालयाला धाडणार. बॅटरी पुरावी म्हणून खोकं एरवी झोपलेलं असायचं. वाशीमहून हाक आली की जागं व्हायचं आणि त्याच्यावरचा हिरवा दिवा लागायचा.

दिव्याची कल्पना प्रसेनजितची. यंत्र काम करतंय हे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, नाहीतर तो त्याला गाय बांधतो, असं त्याने कंपनीला पटवून दिलं होतं. तेही खोटं नव्हतं. पहिल्या आठवड्यात दोन खांबांना गायी बांधलेल्या सापडल्या होत्या.

वाशीमच्या संगणकातला प्रोग्रॅम सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन फेऱ्या मारायचा. हेडच्या पहिल्या खोक्याला उठवायचं. ते आळोखेपिळोखे देत नेटवर्क शोधणार, सापडलं की आकडा देणार, मग दुसऱ्याला उठवायचं. नेटवर्क आमच्याकडे येऊन-जाऊन असतं. एखादं खोकं बोलेना तर प्रोग्रॅम त्याच्यापुढे ताटकळत उभा राहायचा, पुन्हा विचारायचा, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढच्याकडे जायचा नाही. अशी ही फेरी हेडपासून टेलला पोचायला दोन-अडीच तास खायची. प्रसेनजितला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आकडे बरोबर येत होते ना, मग झालं.

या रब्बीत पाणी सुटलं तेव्हा गहू ओंबीवर होता. दाणा भरायच्या वेळी पाणी नाही मिळालं तर दाणा चिमतो, आणि मग त्याला कोणी काही करू शकत नाही. पाणी सुटून आठवडा होत आला तसा संस्थेच्या खोलीत पंचफुलाबाई उभी राहिली. टेलला पाणी पोचत नाही, ही तिची तक्रार. येतच नाही का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "येते. पन तोंड दाखवते आन जाते. दोन वाफे बी भिजत नाई."

संस्थेचे अध्यक्ष रविकांतभाऊ. हा माणूस आवाज चढवत नाही. चढवायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि त्या दिवशीचे आकडे सगळ्यांना वाचून दाखवले. वरच्या दारांना शून्य, शून्य, शून्य. टेलच्या दाराला भरपूर पाणी. अगदी भिंतीवरच्या नियमासारखं.

"पंचफुलाबाई, हे आमी नाई म्हनत," ते म्हणाले. "तुमच्याच पोराचं यंत्र म्हनते."

पोरगा दारातच उभा होता. एका खोक्याची पट्टी बदलायला आला होता, तो सभा आहे म्हणून डोकावला. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. रविकांतभाऊंनी त्याला शांतपणे विचारलं, यंत्र चुकतं काय? प्रसेनजितने प्रत्येक खोकं टेप लावून तपासलेलं होतं. एकही चुकत नव्हतं. तो म्हणाला, "नाही, यंत्र चुकत नाही."

पंचफुलाबाईने मुलाकडे एकदा पाहिलं. "मंग येत असन," असं म्हणून ती खाली बसली. तक्रार मागे घेतली असं सचिवांनी जाहीर केलं आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. तिने तक्रार का सोडली हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. यंत्र खोटं ठरलं तर पोराची नोकरी जाईल, एवढा हिशेब कोणालाही जमतो. एकट्या प्रसेनजितला तो जमला नाही. त्याला बरं वाटलं. सगळ्यांसमोर आपलं काम खरं उतरलं याचं बरं वाटलं, आणि माय समजूतदार आहे याचंही.

संध्याकाळी जेवताना त्याने तिला समजावून सांगितलं. दारातून पाणी येतंय हे नक्की. म्हणजे दार ते वावर या दरम्यान कुठेतरी मुरतंय. चारीला उंदराचं बीळ पडलं असेल. पंचफुलाबाईने ऐकून घेतलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. दुसऱ्या दिवशी ती खरोखरच फावडं घेऊन चारीच्या कडेकडेने बीळ शोधत हिंडताना लोकांनी पाहिली.

वाशीमच्या कार्यालयात याच सुमारास नव्या अधिकारी म्हणून उज्ज्वला मॅडम बदलून आल्या. त्यांना टेल-हेडशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांची तक्रार संगणकाबद्दल होती. सकाळी पडदा उघडावा तर चक्र फिरतंय. शेवटचा आकडा येईतो पहिला शिळा झालेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: एका वेळेचा सगळा पाट मला एकदम दिसला पाहिजे, सकाळचं हेड आणि दुपारचं टेल एकत्र करून मी काय मांडू? प्रसेनजितला बोलावून त्यांनी वेग वाढवायला सांगितलं आणि पाणी बंद व्हायच्या आत करून दाखवा असंही सांगितलं.

हे काम प्रसेनजितला मनापासून आवडलं. फेरीचा जवळजवळ सगळा वेळ वाट पाहण्यात जातो हे त्याला माहीतच होतं. पंगतीत एकच वाढपी एका पानापुढे उभा राहून, त्याचं जेवण आटोपल्यावरच दुसऱ्या पानाकडे गेला तर पंगत संध्याकाळपर्यंत उठणार नाही. वाढपी वाढवायचे. त्याने प्रोग्रॅमचे तुकडे केले, प्रत्येक खोक्यासाठी एक वेगळा तुकडा, आणि सगळे समांतर सोडले. सगळ्यांनी आपापल्या खोक्याला एकदमच उठवायचं, आणि ज्याचं उत्तर येईल त्याने ते लिहून मोकळं व्हायचं. पहिल्या दिवशी सगळं बोंबललं, कारण इतकी उत्तरं एकाच वेळी दाराशी आल्यावर संगणकाचा श्वास कोंडला. मग त्याने उत्तरांना रांग लावून दिली. दुसऱ्या दिवशी फेरी सुरू झाली आणि त्याने ओतलेला चहा कोमट व्हायच्या आत संपली. त्याला इतका आनंद झाला की त्याने खालच्या टपरीवर जाऊन आणखी एक चहा घेतला. मग पुन्हा फेरी लावली, मग पुन्हा. आता दर पंधरा मिनिटांनीही लावता येत होती.

मग त्याने आकडे पाहिले. ते उलटे होते. वरच्या दारांना भरपूर पाणी आणि टेलला शून्य.

तो हसला. ही चूक या कामात नवीन नाही. समांतर काम करायला घेणारा प्रत्येक जण ती एकदा तरी करतो. उत्तरं मागेपुढे येतात, कोणाची ओळ कोणाला जाते, आणि सोनीबाईचं सामान गोजराबाईच्या घरी पोचतं. त्याने प्रत्येक उत्तराला त्याच्या खोक्याचं नाव घट्ट बांधलं, नाव जुळल्याशिवाय लिहायचंच नाही अशी तजवीज केली, आणि फेरी लावली. आकडे तसेच. त्याने लिहिण्याची जागा बदलली, एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप घातलं. आकडे तसेच. सकाळच्या पहिल्या फेरीला तेवढं काही वेळा वरच्या दारांचं शून्य यायचं, आणि त्यामुळे त्याची खात्रीच पटली की चूक त्याच्याच गुंत्यात आहे, कधी लपते, कधी दिसते.

उज्ज्वला मॅडमना त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की नवीन प्रोग्रॅम जलद आहे पण अजून भरवशाचा नाही. त्या म्हणाल्या, मग तोवर जुनाच चालू ठेवा. जुना चालू राहिला. जुन्यात टेलला रोज भरपूर पाणी होतं. त्या आकड्यांवर संस्थेने ठरवलं की टेलचं भिजून झालेलं आहे, आता एक सभा घेऊन पाणी बंद करायला हरकत नाही.

माय त्याला फोन करायची. जेवला का, कपडे धुतले का, असं विचारायची. पाण्याचं तिने पुन्हा काढलं नाही. त्यानेच एकदा विचारलं, बीळ सापडलं काय? नाही सापडलं, ती म्हणाली. तो म्हणाला, बारीक असेल, नीट पाह्य.

शेवटी वैतागून त्याने ठरवलं की एकदा जाग्यावर जाऊन पाहू, कोणत्या खोक्याचा आकडा कोणत्या ओळीत जाऊन पडतो ते. त्यासाठी सगळ्यात सोयीचं खोकं टेलचं, कारण दुपारचं जेवण घरी होणार. तो सकाळीच निघाला. जाताना घरून एक घमेलं उचललं, पाटात उतरला, आणि टेलच्या खोक्याखाली घमेलं पालथं घातलं. सेन्सरला वाटणार पाणी वर आलं. मोबाइलवरून त्याने नवीन फेरी लावली. हिरवा दिवा लागला. टेलच्या ओळीतलं शून्य उडालं आणि तिथे घमेल्याच्या उंचीचा आकडा आला, अगदी टेलच्याच ओळीत. घमेलं काढून पुन्हा फेरी लावली. पुन्हा शून्य.

म्हणजे नावं बरोबर होती. नवीन प्रोग्रॅम बरोबर होता. त्याने कपाळावरचा घाम पुसला, पुढे काय तपासावं याचा विचार करत खाली पाहिलं, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण इतका वेळ पाटाच्या तळात उभे आहोत आणि चपला कोरड्या आहेत. तळाचा गाळ वरून सुकून पापुद्रा धरायला लागला होता. शिकलेला माणूस होता, चांगला मुलगा होता, पण त्याला ते शून्य आधी मोबाइलवर दिसावं लागलं आणि मग पायाखाली.

काठावरच्या वाफ्यांतला गहू वरच्या कोपऱ्यात पांढरा पडत चालला होता. त्याने एक ओंबी तोडून चोळली. आत दाणा चिमून नुसतं सालपट झाला होता. घमेलं तिथेच टाकून त्याने मोटारसायकल काढली आणि हेडला गेला.

हेडच्या पहिल्या दारातून पाणी खळखळ वाहत होतं. दार वर उचललेलं, खाली दगड लावलेला. बाभळीखाली रविकांतभाऊंचा सालदार भाऊसिंग बसला होता. त्याने प्रसेनजितला रामराम केला, तंबाखू विचारली. प्रसेनजित त्याच्याशेजारी टेकला, आणि दुपारच्या फेरीची वेळ झाली तसा जुना प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला. खांबावरचा हिरवा दिवा लागला. भाऊसिंग सावकाश उठला, दगड काढला, दार पाडलं आणि दारावर हात ठेवून उभा राहिला. खोकं नेटवर्क शोधत होतं. दार पाडायला भरपूर वेळ मिळत होता. काही मिनिटांनी दिवा विझला. भाऊसिंगने दार उचललं, दगड लावला आणि परत बाभळीखाली येऊन बसला. खालच्या दाराचा दिवा आता लागला होता, आणि तिथलं दार पडत होतं.

प्रसेनजितने त्याला विचारलं, हे काय करता? भाऊसिंगला प्रश्नच कळला नाही.

"सकाळ-दुपार येऊन बसाचं, दिवा लागला का पाडाचं, इझला का उचलाचं," तो म्हणाला. "पयले साहेब येत होते तवा बी तसंच होतं. आता साहेब नाई, दिवा हाये. तुमीच लावला न थो दिवा?"

प्रसेनजितने मोटारसायकल तिथेच ठेवली आणि पाटाच्या काठाने खाली चालायला लागला. वरची दारं थोडा वेळ पडली की तेवढं पाणी पाटातच राहतं आणि एक फुगवटा होऊन खाली सरकतं. ते पाणी त्याच्यासोबत चाललं होतं, माणसाच्या सावकाश चालीने. त्याच्या जरा पुढे एक दिवा लागायचा, दार पडायचं, पाणी तिथून अडथळ्याशिवाय पुढे जायचं, आणि मागे दार उठायचं. दिवा, दार आणि पाणी यांची चाल एकमेकांना जुळून गेली होती. कोणी बसून ठरवलं असतं तर इतकं जमलं नसतं. ती चाल त्यानेच घालून दिलेली होती, हेडपासून टेलकडे, एकेकाला विचारत. यंत्र करताना त्याने नकळत त्या निवृत्त निरीक्षकालाच परत कामावर घेतलं होतं.

टेलला तो पोचला तेव्हा पंचफुलाबाई दारापाशी फावडं घेऊन धावत येत होती. पाणी आलं. चांगलं हातभर आलं. हिरवा दिवा लागला, आणि वाशीमच्या संगणकात टेलच्या दाराला भरपूर पाणी असल्याची नोंद झाली. ती नोंद त्या क्षणापुरती खरीच होती. पंचफुलाबाईने घाईघाईने एका वाफ्याचं तोंड फोडलं. पाणी आत शिरलं, वाफ्याच्या मध्यापर्यंत गेलं, आणि मागून येणं थांबलं. दिवा विझायच्या आधीच ओढ कमी झाली होती. तिने कमरेवर हात ठेवला आणि तेव्हा तिला मुलगा दिसला.

"आलं होतं," ती म्हणाली.

त्याला आपली लाज वाटली, आणि ती सांगायलाही लाज वाटली. तो तसाच पायी हेडला गेला, मोटारसायकल घेतली आणि जेवण न करता वाशीमला निघून गेला.

नवीन प्रोग्रॅम त्याने त्याच रात्रीपासून लावून ठेवला, दर पंधरा मिनिटांनी, सगळा पाट एकदम. हेडच्या लोकांनी पहिल्या सकाळी दिवा लागताच दारं पाडली. पंधरा मिनिटांनी पुन्हा दिवा. पुन्हा पाडली. दुपारपर्यंत भाऊसिंगने दगड लावला आणि बाभळीखाली झोपी गेला. दिवसभर दार पाडत बसायला माणूस कुठून आणणार.

पाणी बंद करायची सभा भरली तेव्हा उज्ज्वला मॅडमही आल्या होत्या. प्रसेनजितने त्यांना आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. ज्या आकड्यांवरून आतापर्यंत पाट चालवला ते सगळे फुकट गेले हेही सांगितलं होतं. त्यांनी कंपनीला कळवावं लागेल एवढंच म्हटलं, आणि तो हो म्हणाला. सभेत त्याने भिंतीवर, रंगवलेल्या नियमाच्या शेजारीच, आकडे दाखवले. एका क्षणाचा सगळा पाट. पंधरा मिनिटांनंतरचा सगळा पाट. वर पाणी, खाली शून्य, आणि शून्याची ती ओळ शेवटपर्यंत हलत नव्हती.

रविकांतभाऊंनी चष्मा पुसून पाहिलं. मग त्यांनी तोच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारला. मागे यंत्र चुकत नाही म्हणाला होतास, मग तेव्हा चुकलं की आता चुकतंय?

"यंत्र तवा बी चुकलं नाई," प्रसेनजित म्हणाला. "मी चुकलो. मी वरून खाली एकेकाले इचारत गेलो. माह्या मायनं खरं सांगतलं होतं, आन मी तिले सगळ्यायसमोर खोटं पाडलं."

पंचफुलाबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर सारखा केला.

"साहेब वरूनच येते, बाबू," रविकांतभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी माया असावी असं वाटलं. "आमाले काय मालूम तुहा साहेब एकदम सगळीकडे उभा राह्यते."

कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. वरच्या दारांना साखळ्या आणि कुलपं लावायची, किल्ल्या वाशीमला, टेल भिजल्याशिवाय पाणी बंद नाही, असं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. रविकांतभाऊंनी विरोध केला नाही. त्यांचा गहू भिजून झालेला होता.

साखळ्या लागल्यावर पाणी टेलला पोचलं ते सकाळी. प्रसेनजित वाशीमच्या खोलीत पडद्यासमोर बसला होता. एका फेरीत शून्य होतं, पुढच्या फेरीत आकडा उभा राहिला, त्याच्या पुढच्या फेरीतही तो तसाच होता. तो आणखी दोन फेऱ्या थांबला. मग गाडी काढली आणि गावाकडे निघाला.

पाटात काठोकाठ पाणी होतं. पंचफुलाबाई वावरात साडी खोचून, घोट्याच्या वर चिखलात, वाफ्याचं एक तोंड बुजवत होती आणि दुसरं फोडत होती. तो बांधावरून मोबाइल दाखवत म्हणाला, "माय, पानी आलं. टिकून हाये, दोन तास झाले."

"मले काय सांगतं," ती म्हणाली. "मी पान्यातच उभी हाये."

त्याने मोबाइल खिशात टाकला. तिने फावडं चिखलात रोवलं, त्यावर हात टेकले, आणि बऱ्याच दिवसांचं मनात असल्यासारखं बोलली. "सभेत म्हनत होता, सगळ्या खोक्यायले एकदम इचारलं. सगळ्यायले उठवू उठवू इचारलं. तवा सभेत मले नाई इचारलं तुनं, माय, खरंच येते का पानी. रविकांतनं तुले इचारलं, तुनं मोबाइलले इचारलं. मी तठीच उभी होती."

ती रागात नव्हती. रागात असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने चपला बांधावर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला. पाणी थंड होतं. त्याने तिच्या हातातलं फावडं घेतलं. वरच्या कोपऱ्यातले वाफे पांढरे झाले होते, ते त्याला सगळ्यात आधी दिसले, आणि तो तिकडे वळला. दोन पावलं जाऊन थांबला.

"माय," त्याने विचारलं, "त्या कोपऱ्यात सोडू?"

पंचफुलाबाईने तिकडे पाहिलं. मग मान हलवली.

"थो राहू दे. थो गेला आता," ती म्हणाली. "हिकडे सोड, हे वाचन."

त्याने फावडं उचललं आणि ती दाखवत होती तिथे मातीत घातलं.